बिनब्रेकची सायकल: कौशल्य एकाचे, धोका अनेकांचा

दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथे २०२५ च्या जुलैमध्ये माध्यमिक शाळेत शिकणारा एक मुलगा उतारावरून सायकल चालवत येत असताना वेग आवरता न आल्याने आदळला आणि मरण पावला. त्याच्या सायकलीला ब्रेक नव्हते. ते तुटले नव्हते किंवा बिघडलेही नव्हते. ती सायकल ब्रेकविनाच वापरली जात होती. पुढच्याच महिन्यात तेथील पोलिसांनी अशा सायकलींविरुद्ध देशव्यापी मोहीम जाहीर केली. अल्पवयीन मुलगा अशी सायकल चालवताना सापडल्यास पालकांना कळवायचे आणि वारंवार समज देऊनही त्यांनी दुर्लक्ष केल्यास बालकल्याणविषयक कायद्याखाली त्यांच्यावरही कारवाईचा विचार करायचा, असे पोलिसांनी सांगितले. एखादी सायकल घरातल्या वडीलधाऱ्यांना जबाबदार धरण्यापर्यंत गोष्ट नेते, तेव्हा ते केवळ पोरांचे खूळ म्हणून सोडून देता येत नाही.

या सायकलींना 'फिक्स्ड गिअर' किंवा बोलीभाषेत 'फिक्सी' म्हणतात. आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. पॅडल मारणे थांबवले तरी चाक पुढे फिरत राहते आणि ती ओळखीची टरटर ऐकू येते. फिक्सीत ही सोय नसते. मागचे दातेरी चक्र चाकाशी घट्ट जखडलेले असते. चाक फिरते तोवर पॅडल फिरते आणि पॅडल फिरते तोवर पायांना फिरावेच लागते. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा. अधिक तातडी असेल तर शरीराचा भार पुढे घेऊन, पाय रोखून मागचे चाक घसरवायचे. 'माझे पाय हाच माझा ब्रेक' ही या पंथातील कडव्या मंडळींची भूमिका येथून येते.

या सायकलीचे मूळ घर रस्ता नव्हे, तर वेलोड्रोम हे आहे. उताराच्या कडा असलेल्या त्या वर्तुळाकार धावपट्टीवर सगळे स्पर्धक एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही, मध्येच कोणी रस्ता ओलांडत नाही. तेथे ब्रेक नसणे हा सुरक्षिततेचाच भाग असतो, कारण पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या 'केइरिन' शर्यतींतही अशाच सायकली वापरल्या जातात. गोव्याच्या वाचकांना वेलोड्रोम पाहण्याचा योग सहसा येत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद आपल्याकडे असतानाही सायकलिंगच्या शर्यती दिल्लीत घ्याव्या लागल्या होत्या. त्यामुळे आपल्याकडील तरुणांसमोर ही सायकल येते ती मोबाइलच्या पडद्यावरून आणि थेट रस्त्यावरची म्हणूनच.

धावपट्टीवरून ती रस्त्यावर आणली प्रामुख्याने अमेरिकेतील महानगरांत टपाल-पाकिटे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी. कमी सुटे भाग, कमी दुरुस्ती आणि चोराला फारसा मोह होऊ नये असे साधे रूप, ही त्यांची व्यवहारी कारणे होती. पुढे त्या साधेपणाची फॅशन झाली. २०१२ च्या 'प्रीमियम रश' या हॉलिवूडपटाचा नायक न्यूयॉर्कच्या गर्दीतून बिनब्रेकची फिक्सी हाकतो आणि ब्रेक नसणे हेच त्याच्या बाणेदारपणाचे लक्षण ठरते. जुन्या सायकली उघडून, त्यांचे गिअर आणि ब्रेक काढून त्यांना फिक्सी बनवण्याची हौस जगभर पसरली. मुंबई, पुणे, बंगळूरु येथेही असे हौशी गट आहेत.

ही सगळी मंडळी एका मताची आहेत असे मात्र नाही. त्यांच्यात ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट ब्रेक हा या सायकलीच्या कल्पनेलाच कलंक मानतो. दुसरा पुढच्या चाकाला एक ब्रेक हवाच म्हणतो; मागच्या चाकासाठी पाय पुरेसे आहेत, असे त्याचे मत असते. तिसरा दोन्ही चाकांना ब्रेक लावून केवळ अखंड पॅडल मारण्याचा आनंद घेतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले शेल्डन ब्राउन हे सायकल-तंत्रज्ञ आणि लेखक २००८ मध्ये निवर्तले. फिक्स्ड गिअरचे त्यांच्याइतके प्रेमळ समर्थक विरळा. तरीही रस्त्यावर चालवायच्या अशा सायकलीला पुढचा ब्रेक असलाच पाहिजे, हे ते सातत्याने सांगत. म्हणजे ब्रेकचा आग्रह हा फिक्सीच्या शत्रूंचाच असतो, हा समज खरा नाही.

फिक्सीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. चाक आणि पाय यांच्यात थेट नाते असल्याने रस्ता कोठे निसरडा आहे हे पायांना लगेच कळते. गर्दीत अगदी मंद वेगाने तोल सांभाळणे सोपे जाते. पॅडल गोलाकार, सलग मारण्याची सवय लागते. म्हणूनच अनेक शर्यतपटू हिवाळ्यातील सरावासाठी अशी सायकल वापरत आले आहेत. हे सारे गुण पुढे ब्रेक बसवल्याने किंचितही कमी होत नाहीत. ब्रेक काढल्याने फक्त एक गोष्ट वाढते, ती म्हणजे थांबायला लागणारे अंतर.

हे अंतर किती, हा कौशल्यापेक्षा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. सायकल थांबू लागली की स्वाराचा भार पुढे सरकतो. पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक रस्त्याला घट्ट धरू शकत नाही आणि लवकर घसरते. त्यामुळे केवळ मागच्या चाकाच्या बळावर मिळणारे मंदन कोरड्या सपाट रस्त्यावर गुरुत्वत्वरणाच्या साधारण पाव पटीत अडकते; पुढच्या ब्रेकने ते जवळजवळ निम्म्यापर्यंत नेता येते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढच्या ब्रेकने सुमारे ७ मीटरमध्ये थांबेल, तर केवळ मागच्या चाकाने तिला सुमारे १४ मीटर लागतील. दर शंभर मीटरला आठ मीटर उतरणाऱ्या उतारावर हेच आकडे अनुक्रमे साधारण ८ आणि २१ मीटर होतात. भान येऊन कृती करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही. त्या वेगात एका सेकंदात सायकल ८ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. स्वार कितीही कसलेला असला तरी मागच्या टायरची पकड त्याच्या हाती नसते.

उताराचा दुसरा धोका पायांचा आहे. पुढे ४६ आणि मागे १६ दाते असलेल्या सायकलीवर ताशी ३० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ८३ वेळा पाय फिरवावे लागतात. हाच वेग उतारावर ५० झाला तर पाय १३८ वेळा फिरले पाहिजेत. त्या गतीने फिरणाऱ्या पॅडलवर उलटा जोर लावणे बहुतेकांना अशक्य असते. पाय निसटला की उरलासुरला ब्रेकही गेला. चाक घसरवत थांबण्याची किंमत टायर मोजतो. दात्यांचे गुणोत्तर ४८ ला १६ असे पूर्णांकी असेल तर एकच पाय पुढे ठेवून घसरवणाऱ्याचा टायर दरवेळी त्याच जागी घासतो; ४६ ला १६ असेल तर ती झीज आठ ठिकाणी वाटली जाते. जाणकार फिक्सीवाले हा हिशेब करून दाते निवडतात. घरी सायकल उघडून बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा तो करतोच असे नाही.

खरी काळजी या घरगुती रूपांतराचीच आहे. फिक्स्ड गिअरसाठी घडवलेल्या हबवर चक्राच्या बाहेरून आणखी एक कडे बसते आणि त्याचे आटे उलटे असतात. उलटा जोर दिल्यावर चक्र सैल होऊ लागले की हे कडे त्याला अडवते. साध्या फ्रीव्हीलच्या हबला ही सोय नसते. त्यावर नुसते चक्र आवळले किंवा फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून ते जखडले, तर वरकरणी फिक्सी तयार होते. मात्र जोरात थांबू पाहताच ते आट्यांवरून उलगडू शकते. सायकलवाल्यांत अशा हबला 'आत्मघाती हब' म्हणतात ते उगाच नव्हे. चेन सैल राहिली आणि उतरली तरी हीच गत. ब्रेक असलेल्या सायकलीची चेन उतरली तर हात काळे होतात. बिनब्रेकच्या सायकलीची उतरली तर थांबण्याचे एकमेव साधन गेलेले असते.

निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. जपानचा नियम मोजमापाचा आहे: पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत आणि ताशी १० किलोमीटर वेगातून सायकल ३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनुसार दोन स्वतंत्र रोध-व्यवस्था लागतात. जखडलेले चाक त्यांपैकी एक मानले जाते, म्हणून फिक्सीला निदान पुढचा ब्रेक अनिवार्य ठरतो. अमेरिकेतील अनेक राज्यांचे कायदे कोरड्या सपाट रस्त्यावर चाक घसरेल इतका ब्रेक मागतात. या शब्दांतून वाद जन्मला, कारण चाक तर पायांनीही घसरवता येते. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे २००६ मध्ये हा युक्तिवाद न्यायालयात झाला आणि न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. कोरियात अडचण आणखी विचित्र होती. तेथील सायकलविषयक कायद्यात सायकलीच्या व्याख्येतच रोधक यंत्रणा येते. ब्रेक नसेल तर ती सायकलच नव्हे, आणि सायकल नसेल तर सायकलीचे नियम तिला लागू कसे करायचे? अखेर पोलिसांनी तिला वाहतूक कायद्यातील व्यापक अर्थाचे 'वाहन' मानून मार्ग काढला.

ब्रिटनमधील एका खटल्याने या चर्चेला गंभीर वळण दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या ४४ वर्षांच्या एका महिलेला पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलीची धडक बसली आणि तिचा मृत्यू झाला. स्वार तेव्हा १८ वर्षांचा होता. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला; मात्र १८६१ च्या, म्हणजे घोडागाडीच्या काळातील एका कलमाखाली २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्यानंतर धोकादायक सायकल चालवून मृत्यू घडवणे हा स्वतंत्र गुन्हा करण्याची मागणी होत राहिली आणि २०२५ मध्ये सरकारने तशी तरतूद करण्याचे जाहीर केले. सायकल संघटनांचा यावरचा आक्षेप रास्त आहे: सायकलींमुळे पादचारी मरण पावण्याच्या घटना तेथे वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या, मोटारींमुळे होणारे मृत्यू शेकड्यांनी, मग डोळे सायकलीवरच का? मात्र हा आक्षेप कठोर शिक्षेविरुद्ध लागू पडतो. पुढे एक ब्रेक बसवा, या अपेक्षेविरुद्ध तो लागू पडत नाही. ब्रेकची किंमत किरकोळ आहे आणि तो बसवल्याने कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जात नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत साधी सायकल येत नाही. अपघात घडलाच तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते. पहिले सार्वजनिक मार्गावरील बेदरकारपणाबद्दल आहे आणि ते मोटारीपुरते मर्यादित नाही. म्हणजे आपला कायदाही ब्रिटनमधील त्या जुन्या कलमासारखाच, घटना घडून गेल्यावर जागा होणारा. सायकल रस्त्यावर येण्यापूर्वी तिला ब्रेक आहे का, हे पाहणारा कोणी नाही.

गोव्यात बिनब्रेकच्या सायकलींची लाट आलेली नाही, आणि म्हणूनच शांतपणे विचार करण्याची हीच वेळ आहे. येथील भूगोल या खेळाला मुळीच अनुकूल नाही. पणजीत आल्तिन्होवरून उतरणारे रस्ते, चोर्ला आणि अनमोडचे घाट, चार महिने कोसळणारा पाऊस, ओल्या रस्त्यावर पसरलेली तांबडी माती आणि वळणावर अचानक समोर येणारी गुरे, यांतील प्रत्येक गोष्ट वर दिलेले थांबण्याचे अंतर वाढवणारी किंवा थांबण्याचा अवधी घटवणारी आहे. ब्रेक निकामी झाल्यावर चपलेचा तळवा चाकाला लावून थांबण्याची करामत आपल्या आधीच्या पिढ्यांनीही केली. ती नाइलाजाची होती, आणि पुढच्याच दुकानात गुटके बदलून घेतले जात. आज तोच नाइलाज मुद्दाम विकत घेण्याची टूम आली आहे.

त्यासाठी नव्या फौजदारी गुन्ह्याची गरज नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्याने पुढचा ब्रेक न लावता सायकल फिक्सी करून देऊ नये. वेल्डिंग मारलेले फ्रीव्हील तर मुळीच देऊ नये. सायकल फेऱ्या आणि शर्यती भरवणाऱ्यांनी रस्त्यावरील सहभागासाठी दोन स्वतंत्र रोध-व्यवस्थांची अट घालावी. सरकारला नियम करायचाच असेल, तर त्याने जपानप्रमाणे किती वेगातून किती मीटरमध्ये थांबले पाहिजे हे सांगावे, म्हणजे शब्दच्छलाला वाव राहणार नाही. आणि मुलाने हौसेने सायकल बदलून आणली तर पालकांनी रंग पाहण्याआधी पुढच्या चाकाकडे पाहावे. अखंड पॅडल मारण्याचा आनंद ज्याला घ्यायचा त्याने जरूर घ्यावा. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाने त्यासाठी आपले सात मीटर गमवावेत, अशी अपेक्षा मात्र करू नये.