सेंड करण्याआधी एक राउंड

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचं जोरदार वाजलं. विषय क्रिकेट नव्हता, राजकारणही नव्हतं. ‘साधी माणसं’ चित्रपटातलं लोहाराच्या भात्याजवळचं ते गाणं माहितीये ना? तर ऐरण म्हणजे काय, इथेच गाडी अडली. एकाला ते गावाचं नाव वाटत होतं. मी तर शाळेपासून त्या शब्दाचं नातं ‘हैराण’शी जोडत आलेय. शेवटी मैत्रिणीच्या आजीला फोन लावला. ‘‘अगं, लोहार तापलेलं लोखंड ज्यावर ठेवून ठोकतो ना, ती ऐरण!’’ आणि गाणं झटक्यात उलगडलं. पोट भरणाऱ्या अवजारालाच देव मानणारं ते जोडपं. त्यांच्या देवापुढे फुलं नाहीत, ठिणग्या आहेत.

मग पुढचा प्रश्न. चाल कोणाची? तिघांनी छातीठोकपणे सांगितलं, हृदयनाथ मंगेशकर. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र नाव आहे ‘आनंदघन’. हे आनंदघन म्हणजे खुद्द लतादीदी! १९६५चा चित्रपट, गीत जगदीश खेबुडकरांचं, संगीताला राज्य पुरस्कार. म्हणजे बघा, जे गाणं आपल्याला पाठ आहे असं वाटत होतं, त्यातला एक शब्द आणि एक अख्खा माणूस आपल्याला माहीतच नव्हता.

तुम्ही म्हणाल, गाणं एन्जॉय करायचं सोडून ही पोलीस चौकशी कशाला? मला उलट वाटतं. आवडत्या माणसाबद्दल आपण नीट विचारपूस करतोच की. मग आवडत्या गायिकेबद्दल ‘ऐकलंय कुठेतरी’वर का भागवायचं?

दीदींच्या गाण्यांचा आकडाच घ्या. २५ हजार, ३० हजार, पोस्टगणिक वाढतच जातो. १९७४च्या गिनीज बुकात १९४८ पासूनची किमान २५ हजार गाणी त्यांच्या नावावर नोंदली गेली होती. मोहम्मद रफींनी त्यावर आक्षेप घेतला आणि १९९१मध्ये ती नोंद वगळली गेली. जरा मोबाइलवर भागाकार करा. २७ वर्षं, एकही सुट्टी न घेता, रोज अडीच गाणी! चीन युद्धातल्या शहिदांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेल्या गाण्याचंही तेच. दीदींनी ते दिल्लीत गायलं २७ जानेवारी १९६३ला, पण स्टोरीवर तारीख पडते २६ जानेवारी.

एवढ्याने काय बिघडतं? तारीख एक दिवस चुकली तर फार काही नाही. पण सवय तीच असते, आणि ती कुठे नेते हे याच मैदानाने पाहिलंय. ६ फेब्रुवारी २०२२. दीदींना निरोप द्यायला इथे गर्दी लोटली होती. शाहरुख खानने हात पसरून दुआ मागितली, मास्क खाली केला आणि फुंकर घातली. काही सेकंदांची क्लिप फिरली आणि तो थुंकला, असं लोक ठोकून देऊ लागले. दुआ म्हटल्यावर फुंकर घालतात, हे कळायला संशोधन लागत नाही. माहीमचा दर्गा इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारायच्या आधीच बोट ‘फॉरवर्ड’वर गेलं होतं. जिच्या आवाजाला धर्म नव्हता, तिच्या पार्थिवासमोरच्या प्रार्थनेचा आपण तमाशा केला. तोही तिच्यावरच्या प्रेमाच्या नावाखाली.

म्हणून दोस्तहो, एवढंच करू या. शब्द अडला तर शब्दकोश काढा, नाहीतर आजीला फोन करा. ॲपवर फक्त गायकाचं नाव दिसलं तर गीतकार-संगीतकार शोधा. रेडिओवाले ही तिन्ही नावं सांगूनच गाणं लावायचे. आकडा आला तर भागाकार करा. क्लिप आली तर आधीचे आणि नंतरचे दहा सेकंद मागा.

आणि तरीही हात शिवशिवलाच, तर फोन खिशात टाका आणि पार्काला एक राउंड मारा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात राग उतरतो, डोकं चालायला लागतं. मग ठरवा, सेंड करायचं की डिलीट.