सोडवलेला घोडा कोणाच्या दारी बांधणार?

वैशाखात नवरदेवाला पाठीवर घेऊन डीजेच्या भिंतीपुढे उभी राहणारी घोडी आषाढात कुठे असते, हे हट्ट्यात आणि बालाघाट-गोंदियाच्या सबंध पट्ट्यात किती वऱ्हाड्यांनी आजवर विचारले? जिच्या पाठीवर बसल्याखेरीज आमच्या पोरांची लग्ने शोभत नाहीत, तिची बरगडी न् बरगडी मोजता येईपर्यंत आम्ही डोळे मिटून बसतो. मग कोणी तक्रार करतो, पोलीस येतात, फोटो निघतात, घोडीची सुटका झाल्याची बातमी छापून येते. दुसऱ्या दिवशी ती घोडी काय खाते, कोणाच्या दारी उभी असते, याची बातमी कोणी छापत नाही. आमचा संताप आहे तो या दुसऱ्या दिवसाबद्दल.

आपल्याच विभागात, जबलपूरला, २०२५ च्या उन्हाळ्यात काय घडले ते आठवा. हैदराबादहून ५७ घोडे पनागर तालुक्यातल्या रायपुरा गावी आणले गेले. थोड्याच दिवसांत त्यांतले आठ मेले. ग्लँडर्स या रोगाची धास्ती पसरली, रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे धाडावे लागले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. घोडा इथून उचलून तिथे नेणे म्हणजे त्याला आसरा देणे नव्हे, हा धडा मुके जीव देऊन आपल्याला मिळाला आहे. तो बालाघाटने घेतला नाही, तर त्या मरणांचे पाप आपल्याही माथी येईल.

उपाशी घोडा वाचवायचा कसा, हे ज्ञान काही गुपित नाही. दयेच्या भरात त्याच्यापुढे चणे आणि गूळ ओतणारा माणूस त्याला मारतो. महिनोन् महिने रिकाम्या राहिलेल्या पोटाला दाणा एकदम झेपत नाही. रक्तातले क्षार कोसळतात आणि जनावर उभ्या उभ्या पडते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न परत फिरत नाही. त्याला थोडे थोडे, दिवसातून अनेकदा, चांगले वाळलेले गवत किंवा लसूणघास द्यावा लागतो. दाण्याची पाळी फार पुढे येते. आमच्या या धानाच्या मुलखात जप्त केलेला घोडा गोशाळेत नेऊन तणसापुढे बांधणे सोपे आहे. पण नुसत्या कोरड्या तणसावर त्याचे पोट भरत नाही, उलट आतडी तुंबून पोटशूळ उठतो. वाढून वाकडे झालेले खूर नालबंदाने एका दमात कापायचे नसतात, बेताबेताने आकारात आणायचे असतात. दाढांच्या कडा घासाव्या लागतात, खोगिराखालच्या जखमा रोज धुवाव्या लागतात. चाबकाच्या भीतीने माणसाचा हात दिसताच थरथरणाऱ्या घोड्याजवळ रोज त्याच माणसाने, त्याच वेळी, खांद्याच्या बाजूने शांतपणे जावे लागते. याला महिने लागतात. शिवाय घोडा कळपाचा प्राणी. त्याला एकटा डांबणे हाही छळच.

आणि कायदा? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, संसदेला या आकड्याची लाज वाटलेली नाही. तरी त्याच कायद्याखालच्या नियमांत पुष्कळ दम आहे. काटेरी लगाम निषिद्ध आहे. पारा ३७ अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन ओझ्याच्या वा गाडीच्या जनावराला जुंपणे निषिद्ध आहे. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता निवारण सोसायटी हवी आणि तिला दवाखान्यासाठी जागा हवी. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना जनावराच्या उपचाराचा आणि चाऱ्याचा खर्च आरोपीकडून वसूल करता येतो. हे हत्यार म्यानातच गंजत पडले आहे.

आणि घोडीवाला? ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या वर्षभरात बंद करायला सांगितले, तेव्हा गाडीवानांच्या पुनर्वसनाचाही विचार केला. तो विचार रास्त होता. आमच्याकडचा घोडीवाला बहुधा भूमिहीन, कर्जात बुडालेला. पन्नास हजारांचा डीजे लावून घोडीच्या भाड्यात मात्र घासाघीस करणारा यजमान मोकळा सुटतो आणि गुन्हा नोंदला जातो तो या गरिबावर, हा न्याय नव्हे. चारा आणि नालबंदीचा खर्च निघेल असे भाडे देणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

हट्ट्याची बावडी पाहायला लोक लांबून येतात. गोंडांच्या काळात जमिनीच्या पोटात मजले बांधून पाण्याची सोय झाली त्या गावच्या परिसरात जखमी जनावराला एक हौद आणि एक छप्पर मिळू नये? बालाघाटच्या कलेक्टरांनी येत्या लग्नसराईआधी घोड्यांसाठी वेगळी जागा द्यावी, घोड्याचे दुखणे कळणारा पशुवैद्य आणि नालबंद नेमावा. बरा झालेला घोडा नव्या घरी देताना लेखी करार व्हावा, वरचेवर पाहणी व्हावी, आणि त्याची पुन्हा विक्री कायमची बंद असावी. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. त्याला घरी नेणाऱ्याने एवढ्या काळाचा हिशेब आधी करावा.

आणि वाचकहो, तुमच्या दारच्या वरातीला घोडी आली, तर नवरदेव चढण्यापूर्वी तिचे तोंड उघडून लगाम पाहा. काटे दिसले, तर नवरदेवाला मांडवापर्यंत पायी न्या.