‘कळलं का?’ म्हटल्यावर नुसती मान हलवू नका

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका पोराला कुत्रा चावला. रात्री आईने त्याला दवाखान्याच्या अपघात विभागात नेले. जखम धुतली, सुई दिली आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहून दिले: डी ०, डी ३, डी ७, डी २८. ‘कळलं ना?’ ‘हो मॅडम.’ झाले!

सहाव्या दिवशी तिने तो कागद मला सहज दाखवला. जखम वाळली म्हणून ती निर्धास्त होती. डी म्हणजे दिवस, आणि पहिल्या सुईचा दिवस शून्य. १ तारखेला पहिली, तर पुढच्या ४, ८ आणि २९ तारखेला. (दंडात खोल देतात तेव्हा चौदावा दिवसही असतो.) रेबीज एकदा झाला की माणूस हाती लागत नाही. पोराला त्याच दिवशी पाठवले. सुई चुकली तर लगेच जाऊन घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

ती बाई सातवी शिकलेली आहे. पण मागे रांग, समोर साहेब, आणि ‘कळलं नाही’ म्हणायची लाज. दुसऱ्यांदा विचारले की खेकसणारे आपल्या आजा-आजीने फार पाहिले. ती लाज अजून घरात आहे.

माझ्या मते चूक विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘कळलं का’ऐवजी ‘घरी गेल्यावर काय करणार, सांगा बघू’ असे विचारायला अर्धा मिनिट लागतो. २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने औषधांची नावे वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितली. त्यात सोय मेडिकलवाल्याची झाली, आपली नाही. आणि वाचता येत नाही ही सबब आपल्या जिल्ह्यात तरी चालू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाया, त्यात आपल्याही, गावोगावच्या आरोग्य सेविका झाल्या.

दवाखाना विचारत नसेल तर आपणच म्हणावे, ‘मॅडम, मी सांगते, चुकलं तर सांगा.’ गोळी कोणती, केव्हा. परत कोणत्या तारखेला. आणि काय झाले तर न थांबता यायचे. हे शेवटचे कोणी विचारतच नाही. डोक्याला मार लागून घरी सोडलेल्या माणसाला उलट्या, गुंगी किंवा फिट आली, तर सकाळची वाट पाहायची नसते, १०८ ला फोन करायचा असतो.

त्या पोराच्या आईने दुसऱ्या खेपेला भिंतीवरचे कॅलेंडरच काढून सोबत नेले आणि सिस्टरकडून पुढच्या तारखांना गोल करून आणले.