रंगीत की रंगवलेला?

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं, सोफा आला, टीव्ही भिंतीवर चढला, की पुढचा आयटम ठरलेला. फिशटँक! मग रविवारी क्रॉफर्ड मार्केटला चक्कर आणि दुकानदाराकडे फर्माईश, ‘काहीतरी हटके दाखवा ना!’ सगळा घोटाळा या ‘हटके’मध्येच आहे, मंडळी.

आधी बेसिक फंडा. माशाच्या त्वचेत रंगाच्या पेशी असतात. काळ्या रंगाच्या वेगळ्या, पिवळ्या-लाल रंगाच्या वेगळ्या, चंदेरी चमक देणाऱ्या आणखी वेगळ्या. जीन्समध्ये बदल होऊन यातला एखादा रंग गळला की मासा एकदम वेगळाच दिसतो. गोल्डफिश हे याचं सुपरहिट उदाहरण. त्याचे चीनमधले पूर्वज शेवाळी-करडे, कुणी वळूनही बघणार नाही असे. त्यात मधूनच सोनेरी मासे निपजले. चिनी लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी ते तळ्यांत जपले, वाढवले.

दुसरं कारण खाण्यातलं. लाल-केशरी रंगाला लागणारी कॅरोटिनॉइड्स माशाला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळतात. त्यामुळे लालभडक मासा घरी येऊन हळूहळू फिका पडला, तर आधी फिशफूडचा डबा वाचा.

तिसरं, टेन्शन. गर्दी किंवा खराब पाणी असेल तर मासा फिका पडतो किंवा काळवंडतो. आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती डिझाइन नव्हे, आजार आहे.

इथवर सगळं नैसर्गिक. आता सुईची गोष्ट. ग्लासफिश हा आपल्याच नद्या-तळ्यांतला इवलासा मासा. इतका पारदर्शक, की आतला काटाही दिसतो. पण ‘हटके’च्या हौसेपायी त्याच्या अंगात सुईने निऑन गुलाबी, हिरवा डाय टोचतात. तोही एकदा नाही, अनेकदा. काही त्यातच मरतात, काहींना जखमेतून इन्फेक्शन होतं. जे जगतात त्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. ब्रिटनमध्ये ‘प्रॅक्टिकल फिशकीपिंग’ मासिकाने १९९०च्या दशकात याविरुद्ध मोहीमच उघडली होती.

चमकणारा ग्लोफिश मात्र वेगळा. तोही मूळचा आपल्याकडचाच झेब्राफिश, पण त्याच्यात जेलीफिश आणि प्रवाळाचे जीन्स घातलेले. सिंगापूरच्या लॅबमध्ये जन्मलेला हा प्रकार २००३च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात उतरला. यात सुई नाही. रंग जन्मतःच येतो, पिल्लांनाही मिळतो. पण म्हणून सगळं आलबेल नाही. ब्राझीलच्या ओढ्यांत हे मासे सुटून चक्क पिल्लं घालताहेत, असं २०२२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

मग खरेदी करताना काय करायचं? एकाच जातीचे मासे गोळ्या-चॉकलेटांसारखे पाच रंगांत दिसले तर सावध व्हा. दुकानदाराला एकच प्रश्न टाका, ‘हा रंग याच्या पिल्लांना येतो का?’ उत्तर देताना तो अडखळला, तर सरळ पुढचं दुकान गाठा. अन् साधा, बिनरंगी ग्लासफिश मिळाला तर जरूर घ्या. टँकच्या दिव्यात तो मस्त चंदेरी चमकतो. रंगवलेला मासा कुणी घेतलाच नाही, तर सुई टोचणाराचा धंदा चालणार कसा?