दगड सर्वांचा, वाचन कोणाचे?

१/ मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ मध्ये, अंबाजोगाईत रचला गेला आणि तो मराठीतील आद्य ग्रंथ होय, हे विधान बीड जिल्ह्याविषयीच्या लेखांत वारंवार आढळते. ते कशाच्या आधारे केले आहे, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते.

२/ आधार आहे तो ग्रंथातील ओव्यांचाच. त्यांत रचनेचा शक येतो आणि अंबानगरीचा उल्लेखही येतो. परंतु शकाची ओवी मूळची की मागाहून जोडलेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अंबानगरी म्हणजे अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे आंभोरा, हा वादही जुनाच आहे.

३/ संदर्भ गाळला की हे मतभेदही गळून पडतात आणि एका पक्षाचे मत निर्विवाद सत्य म्हणून मिरवू लागते. आधार सांगितल्याने अंबाजोगाईचा दावा दुबळा होत नाही. उलट तो तपासण्याजोगा होतो. जे तपासता येत नाही त्याचा अभिमान बाळगता येईल, पण त्याला इतिहास म्हणता येणार नाही.

४/ शिलालेखांचेही तसेच. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी निगडित लेख अंबाजोगाईत आहेत. दगड सर्वांचा, वाचन मात्र कोणा एकाचे. ठसा घेणे, झिजलेली अक्षरे लावणे, तुटलेल्या जागी शब्द सुचवणे हे त्याचे श्रम असतात. ते वाचन उचलून खाली केवळ ‘अंबाजोगाई शिलालेख’ एवढेच लिहिणारा, न पाहिलेला दगड स्वतः वाचल्याचा आव आणतो. शिवाय मूळ वाचनात चूक असल्यास तीही निनावी होऊन पसरते.

५/ संदर्भ देणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली औपचारिकता आहे, असे म्हणणाऱ्यांनी ‘लीळाचरित्र’ उघडावे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून मिळवल्या. पुढे पोथ्यांत पाठभेद आले, तेव्हा कोणाच्या परंपरेत काय सांगितले जाते, हे ‘वासना’ म्हणून नावानिशी नोंदवले गेले. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर ज्या महानुभाव पंथाचे तीर्थ आहे, त्याच पंथाची ही शिस्त.

६/ सातशे वर्षांपूर्वी हाताने पोथी उतरवणाऱ्यास जे जमले, ते आजच्या अभ्यासकास अवघड नसावे. ग्रंथ, लेखक, वर्ष, पृष्ठ: एवढी एक ओळ पुरते. जो ग्रंथ प्रत्यक्ष पाहिला त्याचेच नाव द्यावे. दुसऱ्याच्या तळटीपेतून घेतले असल्यास तसे लिहावे. त्या ओळीने पूर्वसूरींचे ऋण मान्य होते आणि पुढच्या वाचकास चूक काढण्याचा हक्क मिळतो.