मेसेज आलाच नाही, दंड मात्र आला!

परवा कॉलेजला जाताना सिग्नलवर ट्रॅफिकवाल्या काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. हेल्मेट होतं, लायसन्स होतं, त्यामुळे मी निवांत. काकांनी मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाले, "तीन चलान बाकी आहेत. तिन्ही नो पार्किंगची."

"काका, मला एकही मेसेज नाही आला!"

"गाडीला मोबाइल नंबर कुठला दिलाय, ते बघ आधी."

बघितलं. गाडी बाबांच्या नावावर आणि नोंदवलेला नंबर त्यांचा जुना, कधीच बंद झालेला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची हीच गोष्ट असते. गाडी घरच्यांच्या नावावर, नाहीतर सेकंडहँड घेतलेली आणि कागद अजून आधीच्या मालकाच्याच नावावर. चलान भलत्याच फोनवर जातं. मग आपण दोनपैकी एक करतो: कटकट नको म्हणून निमूट पैसे भरतो, नाहीतर 'लोक अदालतीत कमी होईल' म्हणत सोडून देतो. माझ्या मते दोन्ही चूक.

का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 नुसार पहिल्या वेळी 500 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर 1500 पर्यंत. यामागचा विचार सरळ आहे. पहिल्या दंडातून माणसाने शिकावं आणि नाही शिकला तर जास्त मोजावे. पण पहिला दंड झाल्याचं कळलंच नाही, तर शिकणार काय? आपण रोज त्याच जागी गाडी लावत राहतो आणि मीटर चालू राहतो.

म्हणूनच कळवणं ही मेहेरबानी नाही. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. कॅमेऱ्यासारख्या साधनाने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची, सोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यायचं, असं त्यात म्हटलं आहे. मेसेज पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्या यंत्रणेला तपासता येतं. नसेल पोहोचला, तर आरसीवरच्या पत्त्यावर साधं पत्र तरी यायला हवं.

पण खरं बोलायचं तर 'मेसेज आला नाही' एवढंच सांगून सुटका होत नाही. नंबर बदलला नाही, ही चूक आमच्या घरचीच. म्हणून आधी फोटो उघडायचा. प्लेट आपलीच आहे का? गाडी तीच आहे का? नो पार्किंगचा बोर्ड होता का? मी तिन्ही फोटो पाहिले. दोन ठिकाणी गाडी माझीच होती, चुकीच्या जागी लावलेली. ते पैसे भरले. तिसऱ्या फोटोत मात्र वेगळ्याच रंगाची स्कूटर! त्याची तक्रार महाट्रॅफिक ॲपवर आरसीच्या आणि गाडीच्या फोटोसह टाकली आहे. उत्तर अजून यायचंय, पण ते पैसे मी भरलेले नाहीत. भरले की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि मग भांडायला काही उरत नाही. तक्रार फेटाळली गेली, तरी कोर्टात म्हणणं मांडायचा मार्ग राहतोच.

सध्या चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइली पाठवून खाती रिकामी करणारेही आहेत. तेव्हा मेसेजमधल्या लिंकवर क्लिक नकोच. सरकारी साइट स्वतः उघडा आणि गाडीचा नंबर टाकून बघा.

चूक असेल तर दंड भरू, त्याबद्दल तक्रार नाही. पण चूक कळायला तर हवी! तेवढं सांगणं त्यांचं काम. आणि आज रात्री बाबांच्या शेजारी बसून गाडीला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घेणं, हे आपलं.