नागरिकांच्या माहितीचे संरक्षण आणि माहितीचा अधिकार : कायदादुरुस्तीच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
माननीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील कलमे ७, १७, १९ व ४४ यांत दुरुस्ती करण्याबाबत.

वाहनाच्या नोंदणीसाठी मालक परिवहन कार्यालयाला जो तपशील देतो, तो दिल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही म्हणून देतो. या नोंदी ठोक स्वरूपात पुरवण्याचे धोरण रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये जाहीर केले. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला ३ कोटी रुपये आणि शिक्षणसंस्थांसाठी ५ लाख रुपये, असा दर ठरला. ८७ खासगी कंपन्या व ३२ सरकारी यंत्रणांना या नोंदी खुल्या केल्याचे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाल्याचे जुलै २०१९ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले. जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. पण बाहेर गेलेल्या नोंदी परत आणण्याचा उपाय कोणाकडेही नव्हता. त्यांत नाव नसले तरी त्या दुसऱ्या यादीशी जुळवल्या की माणूस ओळखता येतो.

असे पुन्हा घडू नये, हे नव्या कायद्याचे पहिले काम असायला हवे होते. प्रत्यक्षात कलम ७ नुसार, शासनाच्या एखाद्या लाभासाठी पूर्वी दिलेली संमती दुसऱ्या लाभासाठीही पुरेशी ठरते, आणि अधिसूचित सरकारी नोंदींत आधीपासून असलेली माहिती नव्याने न विचारता वापरता येते. रेशनसाठी दिलेला तपशील कोणत्या कामासाठी कुठे गेला, हे शिधापत्रिकाधारकाला कळण्याची सोय यात नाही. म्हणून मागणी अशी, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरली जावी. दुसऱ्या खात्याकडे देताना संबंधिताला मराठीत, म्हणजे त्याच्या भाषेत, कळवावे. आणि पैसे घेऊन देण्यास स्पष्ट मनाई असावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर शासनाला मर्यादा घालायची असेल, तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणशीरता या कसोट्या आवश्यक ठरतात. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या डेटा संरक्षण विधेयकाच्या मसुद्यात सुरक्षेच्या कारणासाठीही संसदेचा कायदा, गरज आणि प्रमाण यांची अट होती. २०२३ च्या कायद्याच्या कलम १७ (२) मध्ये ती नाही. केंद्र सरकारने एखाद्या सरकारी यंत्रणेबाबत अधिसूचना काढली, की ती यंत्रणा कायद्याबाहेर जाते. देशाची सुरक्षा हे खरे कारण आहे, पण कारण खरे असल्यामुळे कसोटी अनावश्यक ठरत नाही. समितीच्या मसुद्यातील अट पुन्हा घालावी.

सर्वांत गंभीर प्रश्न कलम ४४ (३) चा आहे. त्याने माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८ (१) (ञ) बदलले आहे. जुन्या कलमानुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी दोनपैकी एक गोष्ट आवश्यक होती : तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसणे, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होणे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा परंतुकही होता. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढेच कारण पुरते. कलम ८ (२) मधील व्यापक लोकहिताची वाट शिल्लक आहे, असे सरकारचे म्हणणे आहे. तरतूद शिल्लक आहे हे खरे. पण तिथे आधी नकार आणि मग लोकहित सिद्ध करण्याचा भार, असा उलटा क्रम आहे.

नावांसह माहिती उघडी असणे का गरजेचे, हे अनुभवाने दिसले आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात जनसुनावण्यांत हजेरीपट वाचून दाखवले, तेव्हा कामावर न आलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघड झाली. महाराष्ट्राने २००२ मध्येच, म्हणजे केंद्राच्या तीन वर्षे आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. नावाशिवाय हजेरीपट तपासता येत नाही, आणि ठेकेदाराच्या नावाशिवाय बिलाला अर्थ उरत नाही. मजुराचा आधार क्रमांक व बँक खाते झाकावे. नाव, कामाचे दिवस आणि दिलेली रक्कम उघडी राहावी. जुने कलम ८ (१) (ञ) परंतुकासह पूर्ववत करावे, ही या निवेदनाची प्रमुख मागणी आहे.

या कायद्याखालील तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या सदस्यांची नेमणूक कलम १९ नुसार केंद्र सरकार करते, आणि तक्रार अनेकदा सरकारी खात्याविरुद्धच असेल. निवड समितीत विरोधी पक्षनेते व न्यायसंस्थेचा प्रतिनिधी असावेत.

या कायद्यातील दंड २५० कोटी रुपयांपर्यंत असला तरी तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातून काहीच मिळत नाही. उलट भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ वगळण्याची तरतूद डेटा संरक्षण अधिनियमाच्या कलम ४४ (२) मध्ये आहे. ते वगळणे रद्द करावे, किंवा नुकसानग्रस्त नागरिकाला मंडळाकडूनच भरपाई मिळेल अशी तरतूद नव्या कायद्यात करावी.

निवेदनकर्ते,
महाराष्ट्रातील माहिती अधिकार वापरणारे नागरिक